मागच्या अंगणातलं ऊन

डिसेंबर लागला की बंगळुरूत राजाजीनगरच्या रस्त्यांना अवरेकाईचा वास येतो. अवरेकाई म्हणजे पावट्याच्या शेंगा, पण इथल्या शेंगेला थंडीतल्या दवाचा एक तेलकट, उग्र गंध असतो. कन्नडमध्ये त्याला ‘सोगडु’ म्हणतात. मराठीत शब्द नाही, कारण आमच्याकडे पावट्याचं एवढं कौतुकच नाही. इथे मात्र हातगाड्यांवर हिरवे ढीग लागतात, आणि बायका शेंग नाकाशी नेऊन, डोळे मिटून, मग भाव विचारतात. सोललेल्या साली घरासमोर रस्त्यावर टाकायची जुनी पद्धत. अवरेकाई घरात आली हे गल्लीला कळायला नको का?

काल सासूबाई पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “मेधा, या वर्षी सोगडु स्वल्प कमीच आहे बघ.” मी शेंगेचा वास घेतला आणि मला सहा वर्षांपूर्वीचा डिसेंबर आठवला. त्या महिन्यात मी पहिल्यांदा सावली मोजली.

मी नागपूरची. आमच्याकडे ऊन हा शत्रू. त्याच्यापासून लपायला कूलर, वाळ्याच्या ताट्या, डोक्यावरून दुपट्टा, खिशात कांदा. घर बांधणं म्हणजे उन्हाला बाहेर ठेवणं, एवढंच मला ठाऊक होतं. नोकरीसाठी बंगळुरूला आले, इथेच श्रीकांतशी लग्न झालं. त्याचं घराणं तीन पिढ्यांपासून इथलं. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि सासूबाईंच्या बोलण्यात दोन्ही एकाच वाक्यात. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत मी पाहिलं, की सकाळी नऊ वाजता इथली माणसं उन्हाचा तुकडा शोधत खुर्च्या सरकवतात. पेपर, कॉफी, मांजर, वाळत घातलेली उशी, सगळं त्या तुकड्याबरोबर सरकत जातं. मला गंमत वाटायची. ऊन शोधायची गोष्ट असते, हे मला चोविसाव्या वर्षी कळलं.

आमचं जुनं घर एकमजली होतं. तीस बाय चाळीसचा प्लॉट, दक्षिणेला रस्ता, रस्त्यावर एक होंगेचं, म्हणजे करंजाचं झाड. उत्तरेला, म्हणजे मागे, मेष्ट्रूंचं अंगण. दोन्ही घरांच्या पाठी एकमेकींना लागलेल्या, मध्ये कमरेएवढी भिंत. मेष्ट्रू म्हणजे मास्तर. त्यांनी आयुष्यभर सरकारी शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं, चारदोन शब्द तेवढे उरले. त्यांची बायको जयक्का. भिंतीवरून वाटी जायची, वाटी यायची. सासूबाईंची आणि तिची चाळीस वर्षांची मैत्री, आणि चाळीस वर्षांत दोघी एकमेकींच्या घरी पुढच्या दारानं क्वचितच गेल्या असतील.

थंडीत रोज सकाळी जयक्का मेष्ट्रूंना धरून मागच्या अंगणात आणायची. वेताच्या खुर्चीत बसवायची, मांडीवर ताट ठेवायची, ताटात रात्रभर भिजवलेले अवरेचे दाणे. दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबायचा, की साल हातात राहते आणि आतली डाळ टुणकन उडते. बोटं चालली पाहिजेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मेष्ट्रू लुळ्या हातानं दाबायचे. दहातले सात दाणे निसटून फरशीवर जायचे. नऊपासून अकरापर्यंत हे चालायचं, अंगावर ऊन घेत. अकरानंतर ते डाव्या हातानं चष्मा काढायचे, तो इशारा. मग जयक्का त्यांना आत न्यायची.

त्या वर्षी आम्ही जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरवलं. मुलगी इरा नऊ वर्षांची झाली होती. मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करत होते, मीटिंगमध्ये बोलत असताना मागे कुकरच्या शिट्ट्या. मी घराबाबत एकच मागणी केली होती: दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूची एक खोली माझी. दार लावता येईल अशी. श्रीकांत हसून म्हणाला होता, “बाकी सगळं आई ठरवेल, ही खोली तुझी. शब्द.”

आर्किटेक्ट म्हणून चैत्रा आली. तिशीतली, मूळची धारवाडची, आजी बेळगावची असल्यामुळे मराठी बोलणारी. पंधरा दिवसांनी तिनं पहिला कागद आणला. त्यावर आमचं घरच नव्हतं. मधोमध कोरा चौकोन, आणि सभोवती सगळं काढलेलं: होंगेचं झाड, त्याच्या फांद्या कुठवर येतात, रस्त्यावरून बसचा आवाज कुठून येतो, पावसात पाणी कोणत्या बाजूनं वाहतं, पश्चिमेचा वारा, पूर्वेच्या शेजाऱ्यांची खिडकी, मागे मेष्ट्रूंचं अंगण आणि त्यात एक छोटं वर्तुळ.

“हे वर्तुळ काय?” मी विचारलं.

“खुर्ची,” ती म्हणाली. “मी गच्चीवरून पाहिली. ती रोज तिथंच असते काय?”

श्रीकांतला हसू आलं. “अहो, आमच्या घराचा नकाशा कधी?”

“सर, आधी बघून घेते, घराला कुठं जागा आहे ते. अजून मला ठाऊक नाही.”

मला हे बोलणं तेव्हा जरा मिजाशीचं वाटलं. बाराशे चौरस फुटांचा प्लॉट आहे, जागा कुठे आहे म्हणजे काय? पण तो कागद मी रात्री पुन्हा काढून पाहिला. आपल्याभोवती इतकं काय काय आहे, हे मी दहा वर्षं तिथे राहून कधी पाहिलं नव्हतं. घराचे नकाशे पांढऱ्या कागदावर असतात. चारी बाजूंना पांढरं, जणू घर आभाळातून मोकळ्या माळावर उतरणार. शहरात पांढरं कुठे असतं? तिथे दुसऱ्याचं स्वयंपाकघर असतं.

डिसेंबरच्या मध्यावर चैत्रा एक उंच बांबू घेऊन आली. परांची बांधणाऱ्याकडून आणलेला, दोन बांबू जोडून बत्तीस-तेहेतीस फूट केलेला. टोकाला लाल फडकं. तिच्या माणसांनी तो आमच्या मागच्या भिंतीशी उभा बांधला. “तुमचे तीन मजले झाले की गच्चीची कड इथं येईल. फडक्याची सावली जिथं पडेल, तिथपर्यंत तुमच्या घराची सावली,” ती म्हणाली.

“कायद्यानं तीन मजले चालतात ना?” श्रीकांतनं विचारलं.

“चालतात. मागं सोडायची जागाही आपण सोडतो आहोत. कायदा जमिनीवरचे फूट मोजतो, सर. ऊन मोजत नाही.”

मला खरं सांगायचं तर राग आला होता. माझी खोली त्या फडक्याच्या अगदी खाली होती. मी ठरवलं, आपणच जाऊन बघावं. सावली पडून पडून किती पडेल? मागच्या घरातल्या माणसांना त्यांच्या पुढच्या बाजूला बसता येत नाही का? चैत्राला चूक ठरवायला म्हणून मी तिच्याबरोबर जयक्काच्या अंगणात गेले. कमरेएवढी भिंत ओलांडायला मला दहा वर्षं लागली होती.

सकाळचे दहा. मेष्ट्रू खुर्चीत, ताट मांडीवर. फरशी उन्हानं कोमट झालेली, मी चप्पल काढली तर तळव्यांना कळलं. ओल्या डाळीचा वास, तुळशीचा वास, उकळत्या सारूतल्या हिंगाचा. जयक्कानं आम्हाला “बन्नी, बन्नी” करून बसायला पाट दिले. मग आम्ही फडक्याची सावली शोधू लागलो. अंगणात कुठेच नव्हती. चैत्रानं मान वर केली आणि बोट दाखवलं. ती मेष्ट्रूंच्या डोक्यावरून पलीकडे, स्वयंपाकघराच्या भिंतीवर, खिडकीच्या वरच्या चौकटीशी हलत होती. म्हणजे खाली सगळं अंगण, खुर्ची, तुळस, खिडकी, सगळं सावलीत.

“मे महिन्यात मोजलं असतं तर हे दिसलंच नसतं,” चैत्रा हळूच म्हणाली. “मेमध्ये इथं सूर्य डोक्याच्याही थोडा उत्तरेला असतो. सावली तुमच्याच दारात पडते. डिसेंबरमध्ये तो दक्षिणेला उतरतो, आणि सावली मागं जाते.”

मी ऐकत होते. सूर्य उत्तरायण-दक्षिणायन करतो हे शाळेत घोकलं होतं, संक्रांतीला तिळगूळ वाटताना म्हटलंही होतं. पण तो सूर्य आणि या अंगणातलं ऊन यांचा काही संबंध आहे, हे डोक्यात आलंच नव्हतं.

चैत्रानं शिडीवर चढून भिंतीवर खडूनं रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. खाली उतरली, तर मेष्ट्रू डावा हात पुढे करून काहीतरी मागत होते. जयक्काला वाटलं पाणी. तिनं पेला धरला, त्यांनी मान हलवली. हात खडूकडे होता. चैत्रानं खडू दिला. जयक्कानं त्यांना धरून भिंतीशी नेलं. हात रेघेपर्यंत पोचत नव्हता, म्हणून त्यांनी तिथेच खाली, हाताच्या उंचीवर, आधी एक आडवी रेघ काढली आणि वरच्या रेघेकडे बोट केलं: ती ही. मग तिच्यावर, दोन बोटं सोडून, डाव्या हातानं थरथरती दुसरी रेघ ओढली. तिच्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, “इन्नू.”

इन्नू म्हणजे अजून.

चैत्राच्या लक्षात आलं. “हौदु, मेष्ट्रे. अजून आठवडा आहे. सूर्य अजून खाली जायचा आहे. सावली अजून वाढेल.”

ते मान डोलावून खुर्चीत बसले. त्यांना बांबूबद्दल कोणी काहीच सांगितलं नव्हतं. लाल फडकं पाहून त्यांनी सगळं ओळखलं होतं. आमचं घर किती उंच होणार, आपलं ऊन किती जाणार. आणि ओळखून त्यांनी तक्रार केली नाही. आमचं मोजमाप थोडं कमी भरत होतं, ते दुरुस्त करून दिलं. मुलांच्या वहीत चुकलेला आकडा मास्तर जसा दुरुस्त करतो, तसा. आकडा आपल्याच विरुद्ध होता, याची त्यांना पर्वा दिसली नाही.

निघताना जयक्का माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, “परवागिल्ला मा, काही हरकत नाही. तुम्ही बांधा. आम्ही पुढच्या बाजूला बसू.” मी “सरी, बरं” म्हटलं आणि भिंत ओलांडली. घरी आल्यावर लक्षात आलं, की त्यांची पुढची बाजू उत्तरेला आहे. तिथे सबंध थंडीत ऊन येत नाही. हे तिला ठाऊक नव्हतं, असं शक्यच नाही.

त्या संध्याकाळी चैत्रा आमच्याकडे थांबली आणि बरंच बोलणं झालं. श्रीकांत वाईट माणूस नाही. तो हिशेबी आहे आणि घर एकदाच बांधायचं असतं. तो म्हणाला, “उद्या मेष्ट्रूंचा परदेशातला मुलगा येऊन चार मजले चढवेल. तेव्हा आपण काय म्हणणार?”

“चढवू दे की,” चैत्रा म्हणाली. “हिवाळ्यात त्यांची सावली उत्तरेला पडेल, त्यांच्या रस्त्यावर. तुमच्यावर नाही.”

“म्हणजे फक्त आम्हीच सोडायचं.”

“होय,” ती म्हणाली. तिनं ते गोड करून सांगितलं नाही.

सासूबाईंनी विचारलं, “मधला रस्ता नाही का गं काही?”

चैत्रानं तेव्हा दुसरा कागद काढला. घर रस्त्याच्या बाजूला उंच आणि मागे पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेलं. तळमजला जुन्या घराएवढाच, पहिला मजला मागून दहा फूट आत, दुसरा वीस फूट आत. फडक्याची सावली जिथे पडायला हवी, तिथून तिनं उलटी रेघ ओढत आणली होती आणि त्या रेघेखाली घर बसवलं होतं. म्हणजे सूर्यानंच मागची बाजू कापली होती. दुसऱ्या मजल्यावर जिना, पाण्याची टाकी आणि इरासाठी नऊ बाय आठची छोटी खोली. बाकी काही नाही.

“माझी खोली?” मी विचारलं.

चैत्रा माझ्याकडे बघून म्हणाली, “ती गेली, मॅडम.”

मी लगेच होकार दिला असं सांगायला आवडलं असतं. दिला नाही. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं. पण काम करता करता माझं लक्ष सारखं मागच्या खिडकीकडे जायचं, फडक्याची सावली आता कुठे असेल, म्हणून. तिसऱ्या दिवशी पुन्हा भिंत ओलांडली. मेष्ट्रूंची रेघ बरोबर होती का, एवढंच बघायचं होतं. मग रोजच गेले. सावली दररोज केसभर वर सरकत होती. एकवीस तारखेच्या आसपास ती थांबली, अगदी त्यांच्या दुसऱ्या रेघेच्या मापाला. दोन-तीन दिवस तिथेच राहिली आणि मग उलट फिरली. पृथ्वी कलली आहे हे मी त्या आठवड्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, एका स्वयंपाकघराच्या भिंतीवर. दहावीला भूगोलात चांगले गुण होते मला, तरी ही गोष्ट नवीन होती. मेष्ट्रू मला बघून हसायचे, अर्ध्या चेहऱ्यानं. एक दाणा दाबून, उडालेली डाळ बोटानं दाखवायचे. त्यानंतर मला त्या खोलीचा हट्ट धरवेना. त्याला उदारपणा म्हणू नये. सावली कुठे पडते हे एकदा कळलं, की न कळल्यासारखं करणं अवघड जातं, इतकंच.

श्रीकांतला मी सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “शब्द दिला होता मी तुला.”

“मी परत दिला,” मी म्हटलं.

पुढच्या थंडीपर्यंत घर उभं राहिलं. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीसाठी खणलेल्या मातीत थोडं सिमेंट मिसळून, दाबून, तिचेच ब्लॉक पाडले. पावसाळ्यात या भिंतींना अजून ओल्या मातीचा वास येतो. होंगेची फांदी कापायची नाही म्हणून बाल्कनीला एका बाजूनं खाच दिली. रस्त्याकडच्या भिंतीत मातीच्या जाळ्या आहेत, बसचा आवाज त्यातून चाळून येतो. माझं टेबल जिन्याच्या मधल्या टप्प्यावर बसलं, मुद्दाम रुंद केलेल्या. दार नाही, पण उत्तरेची खिडकी आहे, आणि तिथला उजेड दिवसभर सारखा असतो. रस्त्यावरून घर बरं दिसतं. मागून पाहणाऱ्याला मात्र काम अर्धवट राहिलंय असं वाटतं. आमच्या एका नातेवाइकांनी विचारलंच, “वरचा मजला पुढच्या वर्षी का?”

मेष्ट्रू त्यानंतर पाच हिवाळे त्या उन्हात बसले. सगळं काही आमच्या हातात नव्हतं. मध्येच त्यांच्या पूर्वेला कुणीतरी चार मजले बांधले आणि नऊचं ऊन पावणेदहाला येऊ लागलं. जयक्कानं खुर्ची आणायची वेळ बदलली. पाचव्या हिवाळ्यात दहातले पाच दाणे ताटात पडू लागले होते. मी खिडकीतून मोजायची. गेल्या ऑगस्टमध्ये, पावसाळी गारठ्यात, न्यूमोनियानं ते गेले. मुलगा परदेशातून आला, दिवस केले, आईला चल म्हणाला. ती गेली नाही.

आणि आता पुन्हा डिसेंबर. इरा पंधरा वर्षांची, नऊ बाय आठमध्ये तिचे पाय पलंगाबाहेर येतात, पुस्तकं खिडकीत रचलेली. दहावीचं वर्ष. गेल्या आठवड्यात जेवताना श्रीकांत म्हणाला, “मागे तिच्यासाठी एक खोली काढू या. परवानगी मिळण्यासारखी आहे. इतकी वर्षं आपण थांबलो, ते ठीकच होतं. पण आता मेष्ट्रू नाहीत.”

त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. सासूबाईंनी ताटातला भात कालवला.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही दोघं पहिल्या मजल्याच्या मागच्या गच्चीवर गेलो. तो टेपचं टोक माझ्या हातात देऊन मागे मागे कडेपर्यंत गेला. मी आकडा ऐकायची वाट बघत होते. तो कडेशी उभा राहून खाली बघत होता. मी टेप तशीच धरून त्याच्यापाशी गेले.

खाली अंगणात जयक्का होती. इतक्या वर्षांत मी तिला त्या अंगणात बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. ती यायची ती कुणाला तरी आणायला, न्यायला, भांडी घासायला, निसटलेले दाणे वेचायला. आज ती वेताच्या खुर्चीत बसली होती. साडी घोट्यांच्या वर घेतलेली, सुजलेली पावलं उघड्या फरशीवर पुढे पसरलेली, केस धुऊन मोकळे सोडलेले. इतके पांढरे आहेत हे मला माहीत नव्हतं. शेजारी ताटात अवरेचे दाणे तसेच पडले होते. तिनं डोळे मिटले होते. ऊन तिच्या पायांपासून कपाळापर्यंत सगळीकडे होतं.

श्रीकांतनं माझ्या हातातलं टोक सोडवून घेतलं. टेप एकदम सुटून आवाज होऊ नये, म्हणून ती अंगठ्यानं दाबून धरत हळूहळू आत घेतली. मग पावलांचा आवाज न करता जिन्यापर्यंत आला आणि पायरीवर थांबून कुजबुजला, “खालच्या हॉलमध्ये आडवी भिंत घालून खोली निघेल का? चैत्राला विचारून बघ.”